प्रोजेक्ट मॅनेजमेंट कॉलेजात शिकून काही होतंय का? फाउंड्रीत २१ वर्षं काढलेल्या माणसाचं उत्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, पुढच्या सेमला ओपन इलेक्टिव्हमध्ये प्रोजेक्ट मॅनेजमेंट आहे, सीनियर पोरं म्हणतायत घे, स्कोरिंग आहे, पण पुढं कामाला काय येत नाही. घरी वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरला छोटं मशीनशॉप आहे, तिथं सगळं तोंडीच चालतंय आणि चाललंय की व्यवस्थित. मग कॉलेजात हे शिकून खरंच काय होतंय, की डिग्री झाल्यावर सरळ पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरचं सर्टिफिकेट, करावं?

विषय घे. पण सीनियर म्हणतात तसा घेऊ नकोस, म्हणजे नेटवर्क डायग्रामची (कुठलं काम कुणासाठी थांबलंय ते दाखवणारी आकृती) दोन गणितं पाठ करून मार्क काढायचे म्हणून नको. मी आधी शिरोली आणि मग कागल एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून पार्ट बनवायच्या कारखान्यात, मिळून २१ वर्षं नवीन पार्ट डेव्हलपमेंटचं काम बघतोय, म्हणजे कस्टमरचं ड्रॉइंग आल्यापासून ते पीपॅप, म्हणजे कस्टमरची पार्टला मिळणारी मंजुरी, अप्रूव्ह होऊन रेग्युलर प्रॉडक्शन सुरू होईपर्यंतचं सगळं. या एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळलीय, काम सुरू करायच्या आधी प्रश्न विचारायची सवय नोकरीत लागत नाही. नोकरीत सगळे घाईत असतात, नवीन पोरानं चार प्रश्न विचारले की "तू कर आधी, मग बघू" असं उत्तर मिळतं. ही सवय लागायची जागा कॉलेजच आहे.

कोणते प्रश्न ते सांगतो. माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका ट्रॅक्टर कंपनीचं हाउसिंग आमच्याकडं डेव्हलपमेंटला आलं होतं. पीओवर, म्हणजे परचेस ऑर्डरवर, लिहिलं होतं, सॅम्पल ५ नग, तारीख अमुक. आम्ही जीव तोडून काम केलं, रात्रपाळीला थांबून पोअरिंग केलं म्हणजे धातू ओतला, फेटलिंग करून (जादा धातू तोडून घासून), शॉट ब्लास्ट (बारीक छऱ्यांचा मारा) मारून तारखेच्या एक दिवस आधी ५ कास्टिंग गाडीत घातली. तिकडून फोन आला की हे काय पाठवलंय, आम्हाला मशीन केलेले नग पाहिजेत, लेआऊट इन्स्पेक्शनच्या, म्हणजे ड्रॉइंगवरची मापं तपासल्याच्या, रिपोर्टसकट. मशीनिंगच्या फिक्श्चरची (मशीनवर नग घट्ट पकडायचं साधन) ऑर्डरच आम्ही दिली नव्हती कारण ते आमच्या डोक्यातच नव्हतं. त्यांचंही खोटं नव्हतं, त्यांच्या भाषेत सॅम्पल म्हणजे फिटिंगला लागणारा नग, आमच्या भाषेत सॅम्पल म्हणजे ओतलेलं कास्टिंग. १९ दिवस गेले आणि त्या कस्टमरकडून पुढचे दोन पार्ट आम्हाला मिळाले नाहीत.

इथं कुणी आळस केला नव्हता, कुणाला काम येत नव्हतं असंही नाही. "झालं म्हणजे काय" हे पहिल्या दिवशी कुणी विचारलं नाही, एवढंच. पुस्तकात याला स्कोप म्हणतात, पहिल्या दुसऱ्या चॅप्टरला असतो आणि परीक्षेला त्याच्यावर चार मार्काची शॉर्ट नोट येते म्हणून पोरं तो चॅप्टर सोडून सरळ गणितावर जातात. माझ्या मते अख्ख्या विषयातला सगळ्यात महाग चॅप्टर तोच आहे.

स्कोपच्या मागोमाग डब्ल्यूबीएस येतं, वर्क ब्रेकडाऊन स्ट्रक्चर. कामाचे तुकडे पाडायचे, तुकड्यांचे परत तुकडे, इतके की प्रत्येक तुकड्याला एक माणूस आणि एक तारीख लावता यावी. यात एक बारकी गोष्ट आहे ती नीट समजून घे. वरच्या पातळीला तुकडे पाडताना वस्तूंची नावं लिही, क्रिया नको. "पॅटर्नचं बघणे" (पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून वाळूचा साचा करतात तो लाकडी नमुना) असं लिहिलंस तर ते कधीच संपत नाही. "पॅटर्न, डायमेन्शन चेक करून सही झालेला" असं लिहिलंस की तो एकतर आहे नाहीतर नाही, मधलं काही उरत नाही. आमच्या मिटींगमध्ये "नव्वद टक्के झालंय सर" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मी टक्के विचारतच नाही, वस्तू दाखव म्हणतो.

आता गणिताकडं येतो, कारण गणितही महत्त्वाचं आहेच, फक्त ते कशासाठी आहे हे कळलं पाहिजे. सीपीएम म्हणजे क्रिटिकल पाथ मेथड, ही १९५७ च्या आसपास अमेरिकेत ड्यूपॉन्ट या केमिकल कंपनीत तयार झाली, रेमिंग्टन रँड कंपनीच्या कॉम्प्युटरवाल्यांना सोबत घेऊन. प्लांट बांधणे आणि मेंटेनन्ससाठी प्लांट बंद ठेवणे, असल्या कामात कुठल्या कामाला घाई करायची आणि कुठल्याला नाही हे त्यांना कळून घ्यायचं होतं, कारण सगळ्यालाच घाई करायला पैसे लागतात. तुला हे लांबचं वाटत असेल तर आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने बघ. गाळप संपलं की ऑफ सीझनचं ओव्हरहॉलिंग निघतं, मिलचे रोलर, टर्बाइन, बॉयलरच्या ट्यूबा, हजार कामं, आणि पुढच्या सीझनला ऊस तोडणीला उभा असतो, तो काय थांबत नाही. ड्यूपॉन्टचा प्रश्न आणि आपल्या कारखान्याच्या चीफ इंजिनिअरचा प्रश्न एकाच जातीचा आहे.

एक छोटं उदाहरण घेऊ, आकडे सोपे केलेत. ड्रॉइंग फायनल झालं तो दिवस शून्य. पॅटर्नचं डिझाइन आणि मेथडिंग (साच्यात धातू कुठून कसा जाणार ते ठरवणं) ५ दिवस, मग पॅटर्न बनवायला १८ दिवस, मग मोल्डिंग आणि पोअरिंग ३, फेटलिंग ब्लास्टिंग ३, डायमेन्शन चेकिंग ३, मशीनिंग ट्रायल ४. ही सगळी एकामागोमाग, बेरीज कर, ३६ दिवस. हीच सगळ्यात लांब साखळी, म्हणजे क्रिटिकल पाथ. त्याच्या बाजूला कोअर बॉक्स आहे, म्हणजे पार्टच्या आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा करायचा साचा, तो डिझाइन झाल्यावर सुरू होतो, १२ दिवस लागतात, म्हणजे १७ व्या दिवशी तयार, पण तो लागणार पोअरिंगच्या वेळी म्हणजे २३ व्या दिवसानंतर, म्हणून त्याच्याकडं ६ दिवसांची ढील आहे, पुस्तकात फ्लोट म्हणतात. आणि तिसरं मशीनिंग फिक्श्चर, डिझाइन ६ आणि बनवणं १५, पहिल्या दिवसापासून सुरू केलं तर २१ दिवसात तयार, लागणार ३२ व्या दिवसानंतर, म्हणजे ढील ११ दिवसांची.

आता शॉपफ्लोअरवर काय होतंय बघ. कोअर बॉक्सवाल्यानं ४ दिवस उशीर केला तर साहेब त्याला फोन करून करून हैराण करतात, मिटींग लावतात, पण त्या ४ दिवसांनी डिस्पॅचच्या तारखेला काहीच होत नाही, ढील ६ ची होती. आणि तिकडं फिक्श्चरवाला शांतपणे १५ दिवस मागं जातो, कुणाचं लक्ष नाही, कारण "त्याला अजून वेळ आहे" हे सगळ्यांनी पहिल्या आठवड्यात ऐकलेलं असतं. १५ दिवस उशीर म्हणजे फिक्श्चर ३६ व्या दिवशी येतं, त्यावर ट्रायलचे ४, झाले ४० दिवस. क्रिटिकल पाथ पॅटर्नवरून सरकून फिक्श्चरवर आला आणि कुणाला कळलंही नाही. म्हणून क्रिटिकल पाथ एकदा काढून भिंतीला लावायची वस्तू नाही, दर आठवड्याला परत काढायची. परीक्षेच्या पेपरात तो एकदाच काढायचा असतो, आणि माझ्या मते शिकवण्यातली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. तू घरी तेच गणित घे, दोन कामांचे दिवस बदल आणि परत सोडव, पाच सहा वेळा असं केलंस की विषय हाताला लागेल.

पर्टचंही तसंच, ते दिवसांचा अंदाज काढायचं तंत्र. ते १९५८ ला अमेरिकन नेव्हीच्या पोलारिस मिसाईलच्या कामातून आलं, तिथं कितीतरी कामं आधी कुणी केलेलीच नव्हती, मग दिवस कसे सांगणार. त्यावर तोड म्हणून प्रत्येक कामाचे तीन अंदाज घ्यायचे, सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि सगळं बिघडलं तर. पहिला अधिक मधल्याची चौपट अधिक शेवटचा, भागिले ६. पॅटर्न मेकर सांगतो १८ दिवस. त्याला नीट बसवून, चहा पाजून विचारलं की बाबा सगळं जमलं तर किती, तो म्हणतो १४, आणि लाइट गेली, लाकूड ओलं निघालं, माणूस गावाला गेला तर, मग तो म्हणतो ३४. गणित कर, १४ अधिक ७२ अधिक ३४ म्हणजे १२०, भागिले ६, आले २०. म्हणजे प्लॅनमध्ये १८ नाही, २० धरायचे. दोनच दिवसांचा फरक दिसतोय पण कामाची गोष्ट ती नाही, कामाची गोष्ट ही की "बिघडलं तर काय" हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं आणि आपल्याला लाकूड आधीच वाळवून ठेवायची बुद्धी झाली. फॉर्म्युल्यापेक्षा त्या बोलण्याची किंमत जास्त आहे.

गँट चार्टबद्दल फार लिहीत नाही, हेन्री गँटच्या नावाचा तो आडव्या पट्ट्यांचा तक्ता, शंभर वर्षांहून जुना, एक्सेलमध्ये अर्ध्या तासात येतो. सॉफ्टवेअर शिकण्यात पहिले सहा महिने घालवू नकोस, एवढंच.

पण अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे झालेल्या कामाची बजेटमधली किंमत काढून खर्चाशी ताडून बघणं, मात्र नीट शिक, पोरं ते पाठ करून विसरतात. समज एका शेडचं एक्स्पान्शन, बजेट ४० लाख. तीन महिन्यांनी निम्मं काम व्हायला पाहिजे होतं, म्हणजे २० लाखाचं. खर्च झालाय १८ लाख. अकाउंट्सवाले खूश, २ लाख वाचले म्हणतात. साइटवर जाऊन बघितलं तर काम झालंय ४० टक्केच, म्हणजे १६ लाखाचं. १६ लाखाच्या कामाला १८ लाख गेले, तर १६ भागिले १८, साधारण ०.८९, रुपयाला ८९ पैशाचं काम मिळतंय. आणि वेळेच्या बाजूनं १६ भागिले २०, ०.८. हाच रेट राहिला तर ४० लाखाचं काम ४५ लाखाला जाणार. हे तिसऱ्या महिन्यात कळलं तर मालकाशी बोलता येतं, बँकेशी बोलता येतं. सातव्या महिन्यात कळलं तर फक्त भांडणं होतात. वडिलांच्या शॉपला नवीन मशीन घ्यायचं ठरलं तर फाउंडेशन, वायरिंग, कॉम्प्रेसर धरून हे गणित तिथंही जसंच्या तसं लागू होतंय.

रिस्क हा चॅप्टर मला पुस्तकानं नाही, पंचगंगेनं शिकवला. ऑगस्ट २०१९ चा महापूर तू लहान असशील पण आठवत असेलच. त्या वेळी माझ्याकडं तीन पार्टची डेव्हलपमेंट चालू होती आणि माझ्या रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे काय काय बिघडू शकतं त्या यादीत, "पावसाळा" असा एकच शब्द लिहिलेला होता, उपाय म्हणून पुढं "वाळू झाकून ठेवणे". पाणी हायवेवर आलं, शिरोलीजवळ रस्ता बंद झाला, कितीतरी दिवस गाड्या अडकून पडल्या, माझे निम्मे कामगार शहरातले, ते येऊ शकत नव्हते, तयार झालेला पॅटर्न एका बाजूला आणि फाउंड्री दुसऱ्या बाजूला. आमच्या शेडमध्ये पाण्याचा थेंब नव्हता तरी काम बंद. तेव्हा समजलं की "पावसाळा" ही रिस्क नाहीच, ते नुसतं ऋतूचं नाव आहे. रिस्क लिहायची तर कारण, घटना आणि परिणाम तिन्ही लिहायचं: पंचगंगेला पूर येऊन हायवे बंद झाला तर पॅटर्न फाउंड्रीपर्यंत पोचणार नाही आणि सॅम्पल आठवडाभर मागं जातील. असं लिहिलं की उपाय आपोआप सुचतो, जुलै संपायच्या आत पॅटर्न आपल्या बाजूला आणून ठेवायचा आणि कस्टमरला जूनमध्येच मेल टाकायचा. २०२१ च्या जुलैत परत हायवे बंद झाला तेव्हा आमचे दोन्ही पॅटर्न आत होते. तेवढ्यानं सगळं वाचलं असं नाही, पण सॅम्पल कस्टमरकडं पोचले.

अजून एक, आणि हे मला मनापासून सांगायचंय. कॉलेजात शिकवतात की वेळ, खर्च आणि स्कोप हा त्रिकोण सांभाळला की प्रोजेक्ट यशस्वी. राधानगरीला जाऊन धरण बघून ये. शाहू महाराजांनी ते काम हातात घेतलं, पैशाअभावी मध्येच थांबलं, महाराजांच्या हयातीत पूर्ण झालं नाही, पुढं कितीतरी वर्षांनी भिंत पूर्ण उंचीला गेली. त्रिकोणाच्या हिशोबानं ते फेल धरावं लागेल. पण धरण जिच्यावर आहे त्या भोगावती नदीच्या काठचा ऊस बघ, पाणी चढलं की आपोआप उघडणारे ते सात दरवाजे बघ, आणि मग सांग फेल कशाला म्हणायचं. उशीर चालतो असं मी म्हणत नाही, माझी तर रोजीरोटीच तारखांवर आहे. पण काम वेळेत उरकणं आणि ते काम लोकांच्या उपयोगाला येणं, हे दोन वेगळे हिशोब आहेत, दोन्ही वेगवेगळे मांडायचे. मी असे पार्ट वेळेत दिलेत ज्यांचं प्रॉडक्शन कधी सुरूच झालं नाही, कारण कस्टमरचं मॉडेलच रद्द होणार होतं आणि आम्ही कधी विचारलं नाही.

आता कॉलेजात नेमकं करायचं काय. इलेक्टिव्हचा सिलॅबस बहुतेक ठिकाणी ठीक असतो, शिकवणाऱ्या सरांनी प्रत्यक्ष साइट बघितलीय की नाही यावर बरंच अवलंबून, पण तो भाग तुझ्या हातात नाही. स्वयम-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर आयआयटीच्या प्रोफेसरांचे कोर्स फुकट बघता येतात, फक्त परीक्षा देऊन सर्टिफिकेट पाहिजे असेल तर फी भरायची, ते बघून ठेव. खरी प्रयोगशाळा मात्र तुझा फायनल इयर प्रोजेक्ट आहे. आपल्याकडं काय होतं, चौघांचा ग्रुप, एक जण राबतो, मार्चपर्यंत काही हलत नाही, मग एप्रिलमध्ये बाहेरच्या वर्कशॉपमध्ये धावपळ, काही ग्रुप तर तयार प्रोजेक्ट विकत घेतात. वर्षभराची एवढी चांगली संधी अशी गेली की मला फार वाईट वाटतं, कारण इथं चूक झाली तर मार्क जातात, नंतर तीच चूक झाली तर कुणाचा तरी पगार थांबतो.

तू असं कर. पहिल्या आठवड्यात एक पान लिही, काय बनवणार, काय बनवणार नाही, झालं हे कशावरून म्हणायचं, आणि त्यावर गाइडची सही घे. "काय बनवणार नाही" ही ओळ विसरू नकोस, जानेवारीत सर म्हणतात ह्याला सेन्सर पण लावा की, तेव्हा तीच ओळ कामाला येते, नाही म्हणायला नाही, तर सेन्सर लावला तर कुठलं काम कमी करू हे विचारायला. मग तुकडे पाड, प्रत्येकाला एक नाव, दोन नावं नकोत. आणि एक वही ठेव, प्रत्येक कामापुढं आधी लिही मला किती दिवस वाटतायत, झाल्यावर लिही किती लागले. सेमिस्टरच्या शेवटी तुला तुझा स्वतःचा आकडा मिळेल. माझा सुरवातीला दोनच्या पुढं होता, म्हणजे मी ३ दिवस म्हटलं की ६-७ लागायचे, वही ठेवायला लागल्यावर पाच सहा वर्षांत तो सव्वावर आला. हा आकडा कुठल्याही पुस्तकात छापलेला नसतो, ज्याचा त्यालाच काढावा लागतो.

अजाइलबद्दल तू विचारलं नाहीस पण सीएसची मित्रमंडळी बोलत असतील. २००१ ला अमेरिकेत १७ सॉफ्टवेअरवाल्यांनी बसून तो जाहीरनामा लिहिला, थोडं करून दाखवा, विचारा, सुधारा, पुढं जा, असा विचार. चांगला आहे. फक्त पॅटर्न एकदा कापला की परत जोडता येत नाही, म्हणून आमच्याकडं ती पद्धत संगणकावरच्या सिम्युलेशनपर्यंत वापरायची, धातू ओतायला घेतला की जुनी पद्धत. दोन्ही शिक, भांडणात पडू नकोस.

राहिलं पीएमपी. ते पीएमआय या संस्थेचं आहे, १९६९ ला अमेरिकेत स्थापन झालेली. पदवी असेल तरी प्रोजेक्ट चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं ट्रेनिंग लागतं, म्हणजे डिग्री झाल्या झाल्या सरळ पीएमपी हा रस्ताच नाही. त्यांचंच कॅपम म्हणून आहे, त्याला अनुभव लागत नाही, २३ तासांचं शिक्षण लागतं. पुण्यात मोठ्या कंपनीत किंवा बाहेर देशात जायचं असेल तर कॅपमचा विचार कर. घरचं शॉप सांभाळायचं असेल तर ते पैसे आत्ता तरी मशीनला लाव.

आणि वडिलांचं तोंडी चालतंय ते चुकीचं समजू नकोस. त्यांच्या डोक्यात पूर्ण नेटवर्क असतं, कुठला जॉब कुणासाठी थांबलाय, कुठल्या वेंडरचा शब्द किती दिवसांचा धरायचा, सगळं. फक्त ते त्यांच्या एकट्याच्या डोक्यात आहे, ते दोन दिवस लग्नाला गेले की शॉप अडतं, हे तूही बघितलं असशील. या रविवारी त्यांच्याशेजारी बस आणि सध्या मशीनवर असलेल्या एकाच जॉबबद्दल विचार, कधी द्यायचाय, मधी काय काय व्हायचंय, कुठलं काम कुणासाठी थांबलंय, आणि ते सांगतील तसं पाटीवर खडूनं लिही. दिवसांचे आकडे घेऊन परत ये, त्याचं नेटवर्क आपण मिळून काढू.